वाचले, मग लिहिले काय?

पुस्तक वाचून मनोगत लिहायला सांगितले की बहुतेक वह्यांत एकच वाक्य असते : 'पुस्तक आवडले, ज्ञानात भर पडली.' हे मनोगत नव्हे, पोचपावती झाली!

आमच्या साखरखेर्ड्याहून लोणार जवळ. त्या सरोवरावरचे पुस्तक वाचून शेजारच्या नववीतल्या मुलाने लिहिले, 'उल्का पडून विवर झाले, तर उल्का गेली कुठे?' त्या ओळीवर गुरुजींची लाल रेघ : 'विषयांतर.' मला तर साऱ्या वहीत तीच ओळ मोलाची वाटली. प्रचंड वेगाने आदळलेल्या उल्केच्या गतिज ऊर्जेची क्षणात उष्णता होते; उल्का बहुतांशी वितळते, तिची वाफ होते. मागे राहिले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. एकेकाळी ते ज्वालामुखीचे मानणारेही होते. आघाताचा भक्कम पुरावा १९७३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा छापील मजकुरावर शंका काढणे हा उद्धटपणा नव्हे. मायकेल फॅरडे बुकबाइंडरकडे उमेदवारी करीत असताना जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील पुस्तक वाचून त्यातले प्रयोग स्वतः करून पाहत असे.

सारांश कशाला हवा? तो पुस्तकात असतोच. अडलात कोठे, ते पृष्ठांकासह लिहा; आणि शिक्षकांनी त्यालाही गुण द्यावेत.

त्या मुलाने आता नवेच लिहून आणले आहे : 'उल्का तिरपी आली असेल, तर विवर गोल कसे?'