बॉक्सर पाण्यात कसा उतरला?

२०२४च्या जूनमध्ये 'चंदू चॅम्पियन' आला आणि मुरलीकांत पेटकर हे नाव आपल्या पिढीला कळलं. महिनाभर रील्स फिरल्या, 'जिद्द असेल तर काहीही शक्य आहे' असे स्टेटस लागले. पेटकरांच्या जिद्दीबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या वाक्यात अर्धीच गोष्ट येते, आणि जी अर्धी गळते तीच आपल्या कामाची आहे.

पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लहानपणी कुस्ती, मग सैन्यात भरती. ईएमईमध्ये असताना बॉक्सिंग शिकले आणि १९६४ साली टोकियोला झालेल्या सैनिकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळवलं. पुढच्याच वर्षी युद्ध झालं. सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्यात अडकून राहिली, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. बॉक्सर म्हणून सगळं तिथेच संपलं. १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये हाच माणूस ५० मीटर फ्रीस्टाइल पोहला, ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह. पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्णपदक.

१९६५ आणि १९७२ यांच्यामध्ये काय घडलं, ते बघा. फणसवाडीतून बसने निघालात तर फार वेळ लागणार नाही, इतक्या जवळ कुलाब्याला नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे. पेटकरांवर तिथे उपचार झाले. पाण्यात उतरा, हा सल्ला तिथल्या फिजिओथेरपिस्टचा. परदेशी स्पर्धांना जायचं तर तिकिटाचे पैसे हवेत. तिथे क्रिकेटपटू विजय मर्चंट आणि अपंगांसाठी काम करणारी त्यांची संस्था मदतीला आली. पोटापाण्याला पुण्यात टेल्कोची नोकरी मिळाली. म्हणजे एक रुग्णालय, एक फिजिओ, एक संस्था, एक पगार. यातलं एक जरी नसतं तरी जिद्द तितकीच असती, पण ती खाटेवर पडून राहिली असती.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे 'करिअर स्विच' हा शब्द रोज ऐकू येतो. टेस्टिंगमधला मुलगा डेटामध्ये जातो तेव्हा त्याने खूप मेहनत केली असं आपण म्हणतो, आणि ते खरंच असतं. पण सहा महिने घरभाडं कोणी भरलं, कोर्सची फी कोणी दिली, रेफरल कोणाचं होतं, हे विचारत नाही. ज्याच्याकडे यातलं काहीच नसतं त्याला मात्र आपण 'मेहनत कमी पडली' म्हणून मोकळे होतो.

आता आपल्या सगळ्यांच्या लाडक्या मोहम्मद अलीकडे येतो. (आपला मोहम्मद अली रोड त्यांच्या नावाचा नाही, तो मौलाना मोहम्मद अली जौहर यांचा. दर वेळी कोणीतरी विचारतंच.) व्हिएतनाम युद्धाला नकार दिल्यावर १९६७मध्ये अलींचा किताब गेला, लढणं बंद झालं. त्या काळात ते कॉलेजांमधून भाषणं देत हिंडले. १९६९च्या डिसेंबरमध्ये तर ब्रॉडवेवर 'बक व्हाइट' नावाच्या संगीत नाटकात उभे राहिले. नाटक सात प्रयोगांत बंद पडलं! १९८०मध्ये मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार घालायला आफ्रिकी देशांना राजी करावं म्हणून राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना तिकडे पाठवलं. टांझानियाच्या न्येरेरेंनी भेटच नाकारली. आणि १९९०मध्ये, पार्किन्सन्सने हात थरथरत असताना, बगदादला जाऊन ते १५ अमेरिकी ओलिसांना घेऊन परतले. एकच माणूस, तीच प्रसिद्धी, एकदा फसली, एकदा कामी आली. जगज्जेता झाला म्हणजे रिंगणाबाहेरही जिंकेलच, असं काही नाही. विजेंदर सिंग २०१९ला दक्षिण दिल्लीतून लोकसभेला उभा राहिला आणि हरला.

निखत झरीनचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. दोनदा जगज्जेती झालेली ही निजामाबादची मुलगी २०२४मध्ये तेलंगणा पोलिसांत उपअधीक्षक झाली. आपल्याकडे या बातमीवर अभिमानाच्या पोस्ट पडल्या, मीही टाकली. पण दोन जागतिक सुवर्णपदकांनंतर मिळणारी नोकरी ही व्यवस्था नाही, तो सन्मान आहे. जिल्हा पातळीवर हरलेल्या मुलीचं काय? ज्याचा खांदा विसाव्या वर्षी निखळला त्या मुलाचं काय?

ओळखीतला एक मुलगा संध्याकाळी बॉक्सिंगला जातो. त्याचे अब्बा प्रत्येक भेटीत मला एकच विचारतात, "यातून नोकरी लागेल का, भाई?" लोक हसतात, मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. त्याला 'खेळाने चारित्र्य घडतं' हे उत्तर देणं म्हणजे टाळाटाळ आहे. पोलीस भरतीत, रेल्वेत खेळाडूंसाठी जागा असतात. त्यासाठी कोणती स्पर्धा, कोणतं प्रमाणपत्र, किती वयापर्यंत चालतं, हे सांगणारा माणूस मोहल्ल्यात नसतो.

आपल्या मंडळांच्या, जमातींच्या स्पर्धांत ट्रॉफी दरवर्षी उंच होत चालली आहे. पाहुण्यांच्या शाली, बॅनर, साउंड यांवरही खर्च होतो. त्यातलाच थोडा पैसा बाजूला काढून दुखापत झालेल्यांसाठी फिजिओची फी भरता येईल. बारावीला खेळामुळे मागे पडलेल्यांची शिकवणी लावता येईल. आठवड्यातून एक संध्याकाळ मी आणि माझे दोन-तीन सहकारी भरतीचे फॉर्म आणि प्रमाणपत्रं तपासून द्यायला तयार आहोत. जागा हवी आहे, मदरशाची वर्गखोली किंवा कोणाचं बंद दुकानही चालेल.

पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ला, पदकानंतर ४६ वर्षांनी. अर्जुन जीवनगौरव तर जानेवारी २०२५मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. सरकारला इतका वेळ लागला. फिजिओने तेवढी वाट पाहिली नव्हती.