रांगेतल्या बायका

मैत्रिणींनो, ‘आपल्याला काय करायचंय राजकारणाशी?’ असं मीही म्हणायचे. पोलंडमधल्या बायकांची हकीकत वाचल्यापासून म्हणत नाही.

तिथे २०१५ साली रीतसर निवडून येऊनच एक पक्ष सत्तेवर आला. ‘खरी जनता आमच्याच बाजूची’ असा त्याचा सूर. मग घटनेचा अर्थ लावणाऱ्या न्यायालयात त्याने आपल्या मर्जीतली माणसं बसवली, सरकारी टीव्ही मुठीत घेतला. यात घरातल्या बाईचं काय जातंय? पण ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने, गर्भात गंभीर व्यंग असलं तरी गर्भपात करायचा नाही, असा निकाल दिला! कोरोना असतानाही लाखो लोक रस्त्यावर उतरले, बायका सगळ्यांत पुढे. निकाल काही हलला नाही.

मात्र २०२३ च्या निवडणुकीत विक्रमी ७४ टक्के मतदान झालं. व्रोत्स्वाफ शहरात मध्यरात्र उलटली तरी रांगा होत्या. त्या पक्षाचं बहुमत गेलं. गर्भपाताचा कायदा तरीही लगेच बदलला नाही. विसकटलेली घडी पुन्हा बसवायला वेळ लागतोच.

म्हणून सांगते, न्यायालयाच्या, निवडणुकीच्या बातम्या ‘पुरुषांच्या’ म्हणून बाजूला सारू नका. चहा घेता घेता का होईना, वाचा.