येताना पण तीच गाडी

२०२३ मधली गोष्ट. सासूबाईंच्या हृदयाची तपासणी वेल्लोरला करायची होती. आम्ही दोघी पुण्याहून विमानाने चेन्नईला निघालो. तिथून सेंट्रल स्टेशनवर जाऊन काटपाडीची रेल्वे धरायची होती, कारण वेल्लोरला जाणारे काटपाडीलाच उतरतात. विमान उशिरा पोहोचले आणि रेल्वे सुटायला जेमतेम दीड तास उरला.

बाहेर एका टॅक्सीवाल्याने इतके भाडे सांगितले की मी गप्पच झाले. शिवाय संध्याकाळच्या गर्दीत वेळेवर पोहोचवण्याची खात्रीही तो देईना. तेवढ्यात विमानात शेजारी बसलेल्या तमिळ बाई मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, “मेट्रोने जा. सरळ सेंट्रलला जाते.”

मेट्रोचे स्टेशन विमानतळाला लागूनच निघाले. लिफ्टही होती. निळ्या मार्गाची ही गाडी २०१९ पासून कुठेही न बदलता सेंट्रलला नेते. (समोरच्या तिरुसुलम स्टेशनवरून लोकलही मिळते आणि ती फार स्वस्त पडते, पण आजारी माणूस बरोबर असताना त्या गर्दीत शिरायची माझी हिंमत झाली नाही.)

लिटल माउंटपर्यंत गाडी पुलावरून धावली, मग भुयारात शिरली.

“अगंबाई, जमिनीच्या पोटात चाललो की!” सासूबाई हरखून म्हणाल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

पाऊण तासात सेंट्रल आले. फलाटावर पोहोचलो तेव्हा रेल्वे सुटायला वीस मिनिटे होती. सासूबाई बाकावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “येताना पण तीच गाडी हं!”