'काहीच नव्हते' त्या हिंजवडीविषयी

१/
"हिंजवडीला इतिहास नाही." पुण्यात हे विधान इतक्या सहजपणे केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. १९९०च्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे जमीन घेतली, राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले, काचेच्या इमारती आल्या. त्यापूर्वी तेथे म्हणे 'काहीच नव्हते'. हा धागा त्या 'काहीच'विषयी आहे.

२/
'काहीच नव्हते' याचा खरा अर्थ एवढाच की किल्ला नव्हता, नावाजलेली लढाई झाली नाही, सरदाराचा वाडा नव्हता. इतिहासप्रेमी तरुणांच्या हाती जी मोजपट्टी देण्यात आली आहे, तीत तलवार बसते, जाते बसत नाही. तह बसतो, भाताचे खाचर बसत नाही. दोष केवळ तरुणांचा नव्हे. पाठ्यपुस्तकांनी आणि चित्रपटांनी ही मोजपट्टी घडवली, आणि समाजमाध्यमांवरील इतिहासाच्या पानांनी ती आणखी आखूड केली.

३/
प्रारंभ डोळ्यांसमोरच्या गोष्टीपासून. हिंजवडी आणि वाकड या दोन गावांचे दैवत म्हातोबा. चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, त्याची यात्रा भरते आणि हिंजवडीहून वाकडकडे बगाड निघते. बगाड म्हणजे लाकडी गाडा, त्यावर उभा खांब, आणि त्या खांबावर फिरणारे लांब आडवे लाकूड. गळकऱ्याच्या पाठीत गळ टोचून त्याला त्या लाकडाला जोडले जाते. गळकऱ्याचा मान हिंजवडीच्या जांभुळकर घराण्याकडे आहे. एरवी संगणक अभियंत्यांच्या गाड्यांनी तुंबणारा रस्ता त्या दिवशी देवासाठी मोकळा करावा लागतो आणि वाहने दुसरीकडे वळवावी लागतात.

४/
यावर आक्षेप ठरलेला आहे: पाठीत गळ टोचणे ही संस्कृती की क्रूरता? प्रश्न रास्त आहे आणि नवा मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आणि मिशनऱ्यांनी तो मोठ्या आवाजात विचारला, आणि या प्रथेवर ठिकठिकाणी निर्बंधही आले. कित्येक गावांनी गळाच्या जागी माणसाला कापडाने बांधण्याची रीत स्वीकारली, काहींनी गळ राखला. कोणत्या गावाने काय सोडले, काय ठेवले आणि का, हाच तर इतिहासाचा प्रश्न आहे. प्रथा पटत नाही म्हणून ती नोंदवायची नाही, हा न्याय लावायचा तर लढायांचा इतिहासही लिहिता येणार नाही. तेथे तर माणसे मारली जात.

५/
अशा दैवतांकडे इतिहासाचे साधन म्हणून कसे पाहावे, हे पुण्यातच राहणाऱ्या एका गणितज्ञाने दाखवून दिले. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या परिसरात पायी भटकत. शेंदूर फासलेला तांदळा, आजूबाजूला सापडणारी सूक्ष्म दगडी हत्यारे आणि जुन्या पायवाटा यांचा परस्परसंबंध ते शोधत. बोल्हाई, म्हसोबा, वीरचा देव हे सारे त्यांच्या १९६२च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त आले आहेत. त्यांच्या मांडणीचा गाभा असा: आज जेथे ग्रामदेवता आहे, तेथे अनेकदा कृषिपूर्व काळातील माणसांच्या वाटा एकमेकींना छेदत होत्या. तो निष्कर्ष प्रत्येक ठिकाणी टिकेलच असे नाही. परंतु पद्धत टिकली. कागद नाही म्हणून भूतकाळ नाही, असे म्हणण्याची सोय त्यानंतर उरली नाही.

६/
पुढे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांवर १९७६ साली ग्रंथ सिद्ध केला. त्यासाठी त्यांनी धनगरांच्या ओव्या ऐकल्या, यात्रा पाहिल्या, मेंढपाळांच्या वाटा धुंडाळल्या. परक्या मुलखातून आलेल्या माणसास जे साधन वाटले, ते येथील शिकलेल्या माणसाला वाहतुकीचा अडथळा वाटते.

७/
आता जात्याकडे. हिंजवडी मुळशी तालुक्यात मोडते. याच मुळशीच्या आणि शेजारच्या मावळाच्या डोंगरी गावांत गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. मुळशीतील कोळवडे, नांदगाव यांसारख्या गावांतील बायकांनी त्यांच्यासमोर ओव्या गायल्या. काम वाढत गेले, महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांपर्यंत पोचले आणि एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. प्वातव्हाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. तो संग्रह आज 'पारी' या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य ऐकता येतो.

८/
एक लाख ओव्या. मराठेशाहीच्या इतिहासासाठी राजवाड्यांनी 'साधनां'चे २२ खंड काढले, त्याचा अभिमान योग्यच आहे. मग या एक लाख साधनांची नावनिशी इतिहासप्रेमींच्या पानांवर का आढळत नाही? कारण उघड आहे. ती बायकांनी रचली, पहाटेच्या अंधारात रचली, आणि दळण संपताच ती हवेत विरत गेली. त्यांवर मोर्तब नाही, शिक्का नाही.

९/
"ओवीला तारीख कुठे असते?" हा पुढचा आक्षेप. तारीख नसते, पण काळाच्या खुणा असतात. ओवीत आगगाडी येते, गिरणी येते, बाबासाहेब आंबेडकर येतात, दुष्काळ येतो. त्यांवरून थर लावता येतात. नोंदणाऱ्यांनी गाणारीचे नाव, गाव, जात आणि विषय यांची नोंद ठेवली आहे, त्यामुळे एकाच ओवीची निरनिराळ्या गावांतील रूपे शेजारी ठेवून पाहता येतात. बखरींच्या प्रतींची तुलना करणाऱ्यास ही शिस्त अनोळखी वाटू नये. बखरींच्याही अनेकदा तारखा नसतात.

१०/
आणि प्राचीनताच हवी असेल तर तीही आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. शिवकाळाच्या सुमारे पाचशे वर्षे आधीचा हा लेखी पुरावा आहे, तोही एका राजाच्या हातचा. कागदनिष्ठांनी तरी समाधान मानावे.

११/
या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, पाऊस आहे, पंढरीचा विठ्ठल आहे. सीता आहे, पण ती राजदरबारातील नव्हे, रानात एकटीने बाळंत होणारी. सासुरवासाची तक्रार सरळ बोलता येत नव्हती, ती सीतेच्या तोंडून बोलली गेली. कष्ट उपसणाऱ्या बाईने कामाच्या लयीवर रचलेले हे वाङ्मय आहे. दळणाचे काम विजेच्या गिरणीकडे गेले. हाताला मिळालेल्या त्या विश्रांतीबद्दल कोणी हळहळू नये, पाच पायली दळण्यात काव्य शोधणे दुसऱ्याला सोपे जाते. मात्र गाणारी पिढी वृद्ध झाली आहे, आणि जे नोंदले गेले नाही ते तिच्याबरोबर जाणार आहे.

१२/
आता ताट. मुळशी-मावळाची ओळख आंबेमोहोर तांदूळ: शिजताना आंब्याच्या मोहोराचा वास देणारा, उंच वाढणारा, वाऱ्याने लोळणारा, उत्पन्नास कमी. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी बियाणे निवडून हा वास राखला. १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 'इंद्रायणी' हे वाण आले, ते आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. आयआर ८ हे फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय संस्थेचे १९६६चे वाण. म्हणजे आज पुण्यातील घराघरांत शिजणाऱ्या वाफाळत्या भातात मावळची खाचरे आणि हरितक्रांती एकत्र नांदतात. जागतिकीकरण मुळशीत काचेच्या इमारतींबरोबर आले, असे मानणाऱ्यांनी हे जरूर ध्यानी घ्यावे.

१३/
याच मुलखाच्या देवराया. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि देवाच्या नावाने राखलेली ही झाडी जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात पोचली. देवराई म्हणजे निव्वळ जंगल नव्हे आणि निव्वळ श्रद्धाही नव्हे. काय तोडायचे नाही, पडलेले लाकूड कोणी उचलायचे, झऱ्यापाशी कसे वागायचे, याचा तो न लिहिलेला कायदा होय. त्यात भीती होती, जातीच्या पायऱ्याही होत्या. परंतु झाडे उभी राहिली.

१४/
हे सारे हळवेपण आहे, असे वाटणाऱ्यांसाठी २०२५चा पावसाळा पुरेसा आहे. आयटी पार्कचे रस्ते पाण्याखाली गेले, आणि नैसर्गिक ओढे-नाले बुजवल्याची, वळवल्याची चर्चा सुरू झाली. पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे खाचर राखणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक होते. ओढ्याला नाव होते, बांधाला नाव होते. 'काहीच नव्हते' असे गृहीत धरून आखलेल्या नकाशावर त्या नावांना जागा नव्हती. पाण्याला मात्र जुनी वाट आठवत होती.

१५/
हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला एका लहान बेटाने निराळ्या रीतीने हाताळला. जमैका १९६२ साली ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. दाखवण्यासारखे राजवाडे त्या देशापाशी नव्हते. जे भव्य होते ते मळेवाल्यांचे, गुलामांच्या घामावर उभे राहिलेले. मग त्याने काय साजरे केले? आकी आणि खारवलेला मासा हे तेथील राष्ट्रीय पक्वान्न: फळ पश्चिम आफ्रिकेतून आलेले, मासा गुलामांना शिधा म्हणून मिळणारा. स्वातंत्र्यानंतर लगेचच लोककलांचा राष्ट्रीय उत्सव सुरू झाला. 'मिस लू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लुईझ बेनेट यांनी बाजारातल्या बायकांच्या बोलीत कविता केल्या. शिष्टांनी आरंभी त्या बोलीला मोडकी इंग्रजी म्हणून नाक मुरडले, पुढे त्याच बेनेट राष्ट्रीय सन्मानाच्या मानकरी झाल्या. रेगे संगीत २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले.

१६/
जमैका स्वर्ग नाही. दारिद्र्य आणि हिंसा तेथेही आहे, आणि पर्यटकांसाठी रंगवलेली संस्कृती तेथेही विकली जाते. मुद्दा मोजपट्टीचा आहे. २०१५ साली ब्लू अँड जॉन क्रो पर्वत जागतिक वारसा ठरला, तो 'मिश्र' वर्गात: अरण्यासाठी, आणि त्या अरण्याच्या आधाराने गुलामीतून निसटून स्वतंत्र राहिलेल्या मरून लोकांच्या स्मृतीसाठीही. डोंगर आणि माणूस एका नोंदीत आले.

१७/
सह्याद्रीच्या वाट्याला दोन नोंदी आल्या. २०१२ साली पश्चिम घाट नैसर्गिक वारसा ठरला. त्यात झाडे आहेत, बेडूक आहेत. २०२५ साली 'मराठा लष्करी भूदृश्ये' सांस्कृतिक वारसा ठरली, १२ किल्ले, त्यांत मावळचा लोहगडही. दोन्ही गोष्टी आनंदाच्याच. परंतु एका यादीत माणसे जवळजवळ नाहीत, आणि दुसरीत आहेत ती गडावरची. गडाखाली भात लावणारी, देवराई राखणारी, जात्यावर गाणारी माणसे दोन याद्यांच्या मधल्या फटीत राहिली. गडावर धान्य जात होते ते कोणाच्या तरी खाचरातून आणि कोणाच्या तरी डोक्यावरून. वारसा साजरा करणाऱ्या किती धाग्यांनी हा हिशेब मांडला?

१८/
मुळशीला दुसरा एक अनुभवही आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढाकाराने येथे सत्याग्रह झाला. धरण झालेच. भाताची खाचरे बुडाली आणि वीज मुंबईला गेली. त्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाची शेते आयटी पार्कखाली गेली. दोन्ही प्रसंगांची तुलना सरळसोट करता येणार नाही: येथे मोबदला मिळाला, अनेक घरे सधन झाली, मुलांना नोकऱ्याही लागल्या. मात्र दोन्ही वेळा भूमी 'रिकामी' समजली गेली. बापटांचे नाव इतिहासात राहिले, हे योग्यच. बुडालेल्या खाचरांची नावे किती जणांना सांगता येतील?

१९/
कोणी म्हणेल, हा निव्वळ किल्लेद्वेष आहे. तसे मुळीच नाही. ज्यांना उन्हात चार तास चालून एक पडका बुरूज शोधण्याची हौस आहे, त्यांच्याच पायांत कोसंबींसारखी वाट तुडवण्याचे बळ आहे. शिलालेखाचा ठसा घेणारा हात बगाडाच्या सांध्याचे रेखाचित्रही काढू शकतो. मोडी वाचायला शिकलेल्यास ओवीतील जुना शब्द ओळखणे अवघड नाही.

२०/
कागदच हवा असेल त्यांच्यासाठी एक कागदही आहे. सातबाऱ्यात 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. राजवाड्यांनी स्थलनामांवरून वसाहतीचा इतिहास शोधण्याचा प्रयत्न केला, आणि येथे तर तो सरकारी दप्तरातच बसला आहे. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे या गावांचे जुने उतारे काढावेत. शेतांची नावे उतरवावीत, ती गावातील वृद्धांना वाचून दाखवावीत आणि ते जे सांगतील ते ध्वनिमुद्रित करावे. कोणत्या नावात झाड आहे, कोणत्यात देव, कोणत्यात ओढा, याचा नकाशा आजच्या रस्त्यांवर ठेवून पाहावा. जमीन बिगरशेती झाली, उताऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक आले की त्या रकान्याची नावे व्यवहारातून उठतात. माण आणि मारुंजीत हे काम आजही होऊ शकते, तेथे सांगणारी माणसे आहेत.