तारिणीवरचं कोठीघर

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला डाळ-तांदळातल्या किडीबद्दल लिहिलं, त्यावर पुष्कळजणींची पत्रं आली. कडुनिंबाचा पाला ओला घालायचा की वाळवून, हे बहुतेकींनी विचारलंय. सावलीत चांगला खडखडीत वाळवून घाला. ओल राहिली तर किडीचं बाजूलाच, बुरशीचं नवं लचांड मागे लागेल. झालं. आज विषय वेगळा आहे. कोठीघराचाच, पण बोटीवरच्या.

चारोटीच्या बाईनं बोटीवर लिहावं, हे वाचून डहाणूच्या मैत्रिणी हसतील. आमच्या गावाला समुद्र नाही. आमच्याकडे आहे तो मुंबई-अहमदाबाद हायवे, टोलनाका, रात्रभर घरघरणारे ट्रक, आणि चैत्रात महालक्ष्मीची जत्रा. समुद्र बघायचा तर आशागडवरून पंचवीसेक किलोमीटर डहाणूला जावं लागतं, आणि मी गेले तरी बाजार उरकून एस.टी. गाठायच्या घाईत असते. बोटीत मी आजवर एकदाच बसलेय. गेटवेपासून मांडव्यापर्यंत. तासाभराचा प्रवास, पण अर्धा वेळ मी कठड्याला धरून खाली बघत होते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तर २९ मे २०२५ ची संध्याकाळ. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. नौदलातल्या दोन अधिकारी, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए., ‘तारिणी’ नावाच्या शिडाच्या बोटीतून पृथ्वीला वळसा घालून गोव्याला परतल्या होत्या. २ ऑक्टोबर २०२४ ला निघालेल्या, २३८ दिवसांनी आल्या. दोघीच. बोटीवर तिसरं माणूस नाही. माझी भाची, मोठ्या नणंदेची मुलगी, सुट्टीला आमच्याकडे आलेली. अकरावीची परीक्षा देऊन मोकळी. ती आमटीची वाटी हातात धरून तशीच बघत बसली. आमटी गार झाली. रात्री भांडी विसळताना म्हणाली, “मामी, मला हे करायचंय.”

मी म्हटलं, “आधी कढई घास.”

मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. पण ती विसरली नाही. बारावी सुरू झाल्यावर एन.डी.ए.च्या परीक्षेची पुस्तकं घेऊन आली. २०२२ पासून खडकवासल्याला मुलींनाही प्रवेश आहे, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित असलं की नौदलाची वाट मोकळी, हे सगळं तिनं माझ्याआधी शोधून ठेवलेलं. तेव्हा मात्र वन्सं एका रविवारी दुपारी आल्या. चहासुद्धा नको म्हणाल्या, त्यावरूनच मी ओळखलं. “वहिनी, तुझं ऐकते ती. तूच तिला सांग, हे खूळ डोक्यातून काढ म्हणावं. बँकेची परीक्षा दे, डी.एड. कर, काय हवं ते कर. पण एकुलती एक मुलगी मी समुद्रात नाही पाठवायची.”

मी ‘बरं’ म्हटलं. मलाही कुठे पटलं होतं? तेव्हा आधीच कबूल करून टाकते, मी माहिती जमवायला लागले ती पोरीला घाबरवण्यासाठी.

घाबरवण्यासारखं पुष्कळ मिळालं. याच तारिणीवरून त्याआधी सहाजणी जाऊन आल्या होत्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी प्रमुख, बरोबर प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या, २१ मे २०१८ ला परतल्या. २५४ दिवस, एकवीस हजार सहाशे सागरी मैल. बोट केवढी? छप्पन्न फूट. आमच्या शाळेचे दोन वर्ग एकापुढे एक ठेवले तर तेवढी लांबी भरेल, रुंदी त्याहून पुष्कळ कमी. मी सातवीला भूगोल शिकवते. ‘गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास’ हे मी वर्षानुवर्षं रिकाम्या जागा भरायला देत आले. चाळीस म्हणजे दक्षिणेचं चाळीस अंश अक्षवृत्त. तिथे वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच, म्हणून तो गरजतो, हे फळ्यावर लिहून मी पुढच्या धड्याला जायची. या सहाजणी त्या रिकाम्या जागेतून गेल्या. पॅसिफिकमध्ये त्यांना वादळानं गाठलं, तेव्हा लाटा दुमजली घराहून उंच उठत होत्या. आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला, तो तर छप्पन्न अंशांवर.

हे सगळं मी तिला चढ्या आवाजात वाचून दाखवलं. पोरगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणते कशी, “मामी, सहाजणींना तांदूळ किती लागला असेल?”

आता हा प्रश्न माझ्या प्रांतातला! माझा चढा आवाज तिथेच उतरला. न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरातून निघून फॉकलंड बेटांवरच्या पोर्ट स्टॅनलीला पोचायला त्यांना सुमारे चाळीस दिवस लागले. मध्ये दुकान नाही, शेजारीण नाही. डोई दीडशे ग्रॅम धरला, तर सहाजणींचा चाळीस दिवसांचा छत्तीस किलो. आम्ही वहीवर हिशेब मांडला. मग डाळ, मग तेल, मग मीठ-मसाला. वादळात चूल पेटवता येणार नाही, तेव्हा तयार खाण्याची पाकिटं वेगळी. आणि चाळीसचे साठ दिवस झाले तर? मग शिलकीचा वेगळा कप्पा, ज्याला कुणी हात लावायचा नाही. तासाभरानं लक्षात आलं, मी घाबरवायचं विसरून डबे मोजत बसलेय.

पुढे मी चुलीची माहिती काढली. शिडाची बोट वाऱ्यानं एका कुशीवर कलते आणि दिवसेंदिवस तशीच चालते. म्हणून तिथली गॅसची शेगडी दोन खिळींवर टांगलेली असते, पाळण्यासारखी. बोट कलली तरी शेगडी सपाट राहते. भांड्यांना चिमटे लावून धरतात. स्वयंपाक करणारी स्वतःला पट्ट्यानं ओट्याशी बांधून घेते. शहाण्या नावाड्यांच्या बायका म्हणे नुसतं पाणी उकळायचं असलं तरी प्रेशर कुकर वापरतात, कारण झाकण घट्ट बसतं, कुकर कोलमडला तरी अंगावर सांडत नाही. ज्यांच्या घरी लहान मुलं ओट्याशी लुडबुडतात त्यांनी हे जरूर करून बघावं. तारिणीवर स्वयंपाकी वेगळा नव्हता. ज्या सुकाणू धरत, शीड उतरवत, त्याच पाळीनं भात लावत. आणि रात्रीसुद्धा कुणीतरी जागं असेच, कारण वारा झोपत नाही.

या बाबतीतलं बरंचसं शहाणपण परदेशात हौसेनं बोटीत संसार थाटणाऱ्या कुटुंबांकडून आलंय. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याला अमेरिका-कॅनडातली कितीतरी जोडपी हिवाळाभर शिडाच्या बोटीत राहतात. मेच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत तिथे चक्रीवादळांचा हंगाम. तेव्हा बोट किनाऱ्यावर चढवून, बांधून ठेवायची आणि पिशव्या खांद्याला लावून बसनं आत, डोंगरातल्या जुन्या गावांना हिंडायला निघायचं, असा त्यांचा शिरस्ता. (आपले डहाणूचे मच्छीमारही जून-जुलैत होड्या शाकारून ठेवतात. फिरायला जात नाहीत एवढंच. जाळी विणत बसतात.) या बायकांच्या काही रीती मी उचलल्यात. पुठ्ठ्याचं खोकं कोठीत आणायचं नाही, कारण झुरळांची अंडी त्याच्या घड्यांतून येतात. सामान बाहेरच काढून डब्यात भरायचं. पत्र्याच्या डब्यांवरचा कागद दमटपणानं सुटतो, तेव्हा डब्यावरच पक्क्या शाईनं नाव घालायचं. कांदे आणि बटाटे एकत्र ठेवायचे नाहीत, दोन वेगळ्या जाळ्यांत टांगायचे. कोबी चिरून अर्धा ठेवण्यापेक्षा बाहेरून एकेक पान काढत जायचं. अंडी न धुतलेली घ्यायची आणि दोन-तीन दिवसांनी उलटी फिरवायची. फ्रिजशिवाय आठवडेच्या आठवडे टिकतात. आमच्याकडे वीज जाते तेव्हा मला याचा उपयोग झालाय.

पण खरी परीक्षा पाण्याची. खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र बोटीवर असतं, तरी यंत्राचा भरवसा किती धरायचा? २०१३ मध्ये अभिलाष टॉमी ‘म्हादेई’ बोटीतून एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करत होते. त्यांच्या गोड्या पाण्यात डिझेल मिसळलं, आणि शिडावरून गळणारं पावसाचं पाणी धरून ठेवायची पाळी आली. भाची म्हणाली, करून बघू या. एका रविवारी आम्ही घरातल्या चौघांना डोई चार लिटर पाणी मोजून दिलं. पिणं, स्वयंपाक, चहा, चूळ, सगळं त्यातच. भांडी आणि अंघोळ ‘समुद्राच्या’, म्हणजे आमच्या बोअरिंगच्या पाण्यात.

माझं पाणी दुपारी चारला संपलं. वीस वर्षं स्वयंपाक करतेय, पण तांदूळ तीन वेळा धुवायची सवय काही सुटली नाही, आणि निम्मं तिथेच गेलं. आमच्या घरातल्या पुरुषमंडळींनी सकाळीच दोन चहा घेतले आणि दुपारपासून माझ्या कळशीकडे बघायला लागले. मुलानं तर चक्क चोरलं. भाचीच्या बाटलीत मात्र रात्री झोपताना अर्धा लिटर शिल्लक. तिनं तांदूळ धुतलेलं पाणी टाकू दिलं नव्हतं, डाळ त्यातच शिजवली होती. माझ्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आलं, की हिला खरंच जमेल.

आणखीही एक आलं. आमच्या आसपासच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका दोन हंड्यांत सबंध घर भागवतात. सूर्या धरण आमच्या उशाला, पाणी मात्र वसई-विरारला जातं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली सकाळी विहिरीवर नंबर लावून मग शाळेत येतात, आणि उशीर झाला म्हणून मी त्यांना बाहेर उभी केलेली आहे.

डहाणूला गेले होते तेव्हा किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींना मी विचारलं, तुम्ही कधी होडीत गेलात का? त्या हसत सुटल्या. “आमी कशाला जाव? होडी पुरुषांची. आमी मासली वाळवायची, इकायची, होडीचा कर्जा फेडायचा.” होडी कर्जाची, कर्ज फेडणारी ती, आणि होडीत पाय ठेवायचा नाही!

तारिणीची गोष्ट आपल्या माणसांशिवाय पुरी होत नाही, तेही सांगते. भारतीय माणसानं भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्यानं जगप्रदक्षिणा करावी, हा ध्यास व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींचा. निवृत्तीनंतर ते फलटणजवळ विंचुर्णीला राहत. ती प्रदक्षिणा केली दिलीप दोंदे यांनी. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले ते मे २०१० मध्ये परतले. ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ दोन्ही बोटी बांधल्या गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी. आणि त्या सहा मुलींना शिकवलं दोंद्यांनीच. आवटी २०१८ च्या नोव्हेंबरात गेले. मुली परत आलेल्या त्यांनी पाहिल्या. ११ सप्टेंबर २०२५ ला तर तिन्ही सैन्यदलांतल्या दहाजणी ‘त्रिवेणी’ बोटीतून मुंबईहून निघाल्या, त्यांच्या प्रमुख लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर. हे आडनाव ऐकून वन्संना काही वाटेल, असा माझा अंदाज होता.

वन्सं पुन्हा आल्या तेव्हा मी हे सगळं सांगितलं. आणि दुसरी बाजूही सांगितली, लपवली नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये हेच अभिलाष टॉमी दुसऱ्या एका बोटीवर हिंदी महासागरात वादळात सापडले, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला, आणि एका फ्रेंच जहाजानं उचलेपर्यंत तीन दिवस हलता न येता पडून होते. बरे झाले, २०२३ मध्ये त्याच शर्यतीत दुसरे आले. पण पाठीत धातूच्या पट्ट्या घालाव्या लागल्या. “असंही होतं, वन्सं,” मी म्हटलं. “पण मी तिला नको म्हणून सांगणार नाही. तुमचं काम मी केलं नाही, याचा राग धरायचा तर धरा.”

वन्सं बराच वेळ बोलल्या नाहीत. बाहेर ट्रकांची रांग लागली होती. मी आपली पुढची माहिती देत राहिले: परीक्षा वर्षातून दोनदा असते, मुलींना फी नाही, डोळे आधी तपासून घ्यायला हवेत.

“पोहता तरी येतं का तिला?” त्यांनी मधेच विचारलं.

“खडकवासल्याला शिकवतात.”

“तिथे जाऊन शिकणार? सगळ्यांसमोर बुडून दाखवील.” वन्सं उठल्या, पदर सारखा केला, चपला घालताना थांबल्या. “अजून मी काही हो म्हटलेलं नाही, वहिनी. पण पोहायला कुठे शिकवतात का, ते चौकशी करून ठेव. बाई शिकवणारी असली तर बरं.”

डहाणू-बोर्डीकडच्या कुणा मैत्रिणीला माहीत असेल, तर मला पत्र टाका.