साथीनंतरची मजुरी

दिवाळीच्या तोंडावर आमच्या भांडीवाल्या बाईंनी पगारवाढ मागितली आणि घरात लहानसे अधिवेशन भरले. हिचे म्हणणे, द्यावी. माझे म्हणणे, थोडे थांबावे. त्याच रात्री युरोपच्या इतिहासाचे एक जाडजूड पुस्तक चाळीत पडलो होतो. त्यात नेमके चौदाव्या शतकातल्या प्लेगचे प्रकरण निघाले, आणि माझी बाजू लंगडी पडली.

१३४७ च्या ऑक्टोबरात काळ्या समुद्राकडून आलेली जिनोआची व्यापारी गलबते सिसिलीत मेसिना बंदराला लागली. मालाबरोबर उंदीर उतरले, उंदरांबरोबर पिसवा. काखेत, जांघेत गाठ, फणफणून ताप, आणि चार-पाच दिवसांत कारभार आटोपला! (प्लेगचे नाव निघाले की आमची आजी आधी आढ्याकडे पाहायची. उंदीर पडला की घर सोडून माळावर झोपड्यांत जायचे, हे तिने विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याकडे पाहिलेले.) १३४८ त रोग इंग्लंडात पोचला. चार-पाच वर्षांत युरोपातली निदान एकतृतीयांश माणसे गेली. सिएनाच्या अन्योलो दि तुराने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरली, आणि तसे लिहून ठेवले. विहिरींत विष घातल्याचा आळ ज्यूंवर आला. १३४९ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबुर्गला शेकडो ज्यू जाळले गेले. तिथे साथ अजून पोचलीही नव्हती.

माणसे गेली, शेते मात्र जागच्या जागी होती. पीक उभे आणि कापायला हात नाहीत. काल मुकाट्याने वेठीला राबणारे कूळ आज मजुरी ठरवून मागू लागले. नाही म्हटले तर शेजारच्या जमीनदाराकडे चालते होई. इंग्लंडात तिसऱ्या एडवर्डच्या दरबाराने १३४९ त हुकूम काढला, १३५१ त पार्लमेंटने कायदा केला : मजुरी साथीपूर्वीची, १३४६ चीच. कापणीवाल्याला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रोज २ पेनी, दुसऱ्यात ३. ऐकणार नाही त्याला खोड्यात घाला. गंमत अशी, की पीक घरात यावे म्हणून जमीनदारच मागल्या दाराने जास्त पैसे मोजीत! १३८१ त शेतकऱ्यांनी बंड करून लंडन गाठले. वॉट टायलर मारला गेला, बंड चिरडले. तरी वेठ हळूहळू सुटतच गेली.

सकाळी हे सारे हिला सांगितले. चहाचा कप पुढे करीत ही म्हणाली, "मग आपल्याकडे १३४६ चाच दर ठेवायचा का, राजेसाहेब?"

बाईंचा पगार एक तारखेपासून वाढला आहे.