अनुग्रह की देणे?

अपघात झाला की, 'मृतांच्या वारसांना शासनाने सानुग्रह साहाय्य जाहीर केले' हे वाक्य वृत्तपत्रांत ठरल्याप्रमाणे छापून येते. अनुग्रह देवाचा असतो, गुरूचा असतो. करदात्याच्या पैशातून होणाऱ्या खर्चाला हा शब्द कसा चिकटला, हे सरकारी भाषांतरकारांसच ठाऊक! परंतु शब्दामागून वृत्ती येते. अनुग्रहाचा हिशेब कोणी मागावयाचा नसतो, अशी समजूत राज्यकर्त्यांनी करून घेतली आहे, आणि प्रजेनेही ती मुकाट्याने मान्य केलेली दिसते.

वाशिंद ज्या तालुक्यात आहे त्याच शहापूर तालुक्यात, सरळांबे येथे, ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसविणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० माणसे प्राणास मुकली. त्यांत परप्रांतांतून पोटासाठी आलेल्या मजुरांचा भरणा मोठा होता. राज्य शासनाने प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. पंतप्रधानांच्या राष्ट्रीय साहाय्य निधीतून २ लाख जाहीर झाले. आता त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याकडे पाहावे. कामावर मृत्यू आल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणावयाचे, असा त्याचा हिशेब. वेतन १५ हजारांपर्यंतच धरले जाई. तरीही तीस वर्षांच्या मजुराच्या वारसांचे देणे साडेपंधरा लाखांवर जाई. हा वारसांचा हक्क होता, आणि तो मालकाच्या खिशातून वसूल व्हावयाचा होता. मथळे मात्र झाले ते पाच लाखांच्या औदार्याचे! हक्काची मोठी रक्कम अंधारात आणि कृपेची लहान रक्कम उजेडात, असा हा विलक्षण प्रकार आहे.

तातडीच्या मदतीस आमचा विरोध आहे, असा अर्थ कोणी काढू नये. मृतदेह गावी नेण्यास पैसा आजच लागतो. न्यायाधिकरणाचा निकाल लागेपर्यंत चूल थांबत नाही. कायद्याची चाल मंद असल्यामुळे अधिकाऱ्याच्या हाती काही स्वेच्छाधिकार असणे अपरिहार्यच आहे. प्रश्न आहे तो हा अधिकार कोणत्या मापाने वापरला जातो, याचा.

रेल्वेचेच उदाहरण घ्या. जून २०२३ मध्ये बालेश्वरच्या भीषण अपघातानंतर मृतांच्या वारसांना १० लाख जाहीर झाले, तेव्हा रेल्वेचा रूढ दर ५० हजारांचा होता! सप्टेंबरमध्ये रेल्वे मंडळाने तो ५ लाख केला. म्हणजे नियम झाला, असे वाटावे. तोच फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली स्थानकावरील चेंगराचेंगरीनंतर पुन्हा १० लाख! वाढीव रकमेचे दुःख कोणासही नाही. परंतु मृत्यूचे मोल देशभर किती गवगवा झाला यावर ठरत असेल, तर कसारा मार्गावरील प्रवाशाने काय समजावे? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या गाड्यांतून एकाच वेळी अनेक प्रवासी खाली पडले, तेव्हा राज्य शासनाने ५ लाख जाहीर केले. एरवी एकटादुकटा पडणाऱ्याच्या घरी मंत्र्यांची घोषणा पोहोचत नाही. गाडीतून पडून मृत्यू आल्यास रेल्वेचा सानुग्रह दर दीड लाखाचा. रूळ ओलांडताना गेलेल्यास काहीच नाही. वास्तविक गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाच्या वारसांस रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडून ८ लाख मिळू शकतात. रेल्वेचा दोष सिद्ध करावा लागत नाही, आणि सानुग्रह रक्कम त्यांतून वजाही होत नाही. ही माहिती वाशिंद, आसनगाव, खडवलीच्या फलाटांवर ठळक अक्षरांत लावण्यास किती खर्च येईल?

कृपेचे देण्यात रूपांतर होऊ शकते, याचा पुरावाही आपल्याजवळ आहे. करोनाने मृत्यू आलेल्यांच्या वारसांना साहाय्य देण्याविषयी केंद्र शासनाने हात आखडता घेतला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी स्पष्ट सांगितले की, आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या १२ व्या कलमातील किमान साहाय्याचे मार्गदर्शन बंधनकारक आहे. रक्कम शासनाने ठरवावी, पण ठरवावीच. पुढे ५० हजारांचा आकडा निश्चित झाला. रक्कम तुटपुंजी होती, हे खरे. परंतु ती सर्वांस सारखी होती आणि नाकारल्यास दाद मागता येत होती.

साहाय्यनिधींची गोष्ट आणखी नाजूक. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या पंतप्रधानांच्या राष्ट्रीय निधीत लोकांच्या देणग्या येतात. त्याचे हिशेब स्वतंत्र हिशेबतपासनीस तपासतो, नियंत्रक व महालेखापरीक्षक नव्हे. लोकवर्गणीचा पैसा आहे म्हणून लोकांनी विचारू नये, हे तर्कशास्त्र आम्हांस उमगत नाही.

माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने प्रशासकीय निर्णयाची कारणे संबंधितांस सांगण्याचे बंधन शासनावर घातलेच आहे. त्याचा अंमल सरळांब्यापासून व्हावा. मृतांची नावे गुप्त ठेवण्यास हरकत नाही. पण प्रत्येक मृत्यूपुढे जाहीर रक्कम, दिलेली रक्कम, दिल्याची तारीख आणि कायद्याने मिळावयाच्या भरपाईची स्थिती, असा एका पानाचा तक्ता राज्य रस्ते विकास महामंडळाने प्रसिद्ध करावा. तो शहापूरच्या तहसील कचेरीत लागावा, आणि मृतांच्या वारसांकडे त्यांच्या गावी, त्यांच्या भाषेत, पाठविला जावा.